घंटी कुठं वाजली?

"घंटी कुठं वाजली?"

समोरच्याने कितीही लांबलचक सांगितलं तरी बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या, स्टीलची पट्टी टेबलावर आडवी ठेवायच्या आणि एवढंच विचारायच्या. कुणी म्हटलं, क्लायंटला मेल टाकला आहे. घंटी कुठं वाजली? कुणी म्हटलं, चहा सांगितला आहे. घंटी कुठं वाजली? तू इथून बोललास हे कबूल. तिकडे ऐकू आलं का, हे पाहिलंस का? नसेल पाहिलं, तर 'सांगितलं' म्हणू नकोस, 'ओरडलो' म्हण.

नागपुरात, प्रताप नगरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात या प्रश्नाला सगळे हसायचे. मीही हसायचो. हसून झालं की हळूच खाली जाऊन चहावाल्याला पुन्हा सांगून यायचो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ऑफिसात ती अडचणीची वाटतात. ती गेली की लक्षात येतं, अडचण आपलीच होती. मी फार बोलणारा माणूस नाही. या बाईंबद्दल तर मी दोन वर्षं कुणापाशी अक्षर काढलं नव्हतं. आता काढतो आहे, आणि सगळं काढणार आहे. कुणाला आवडो न आवडो.

बाई टेलिफोन एक्स्चेंजातून रिटायर झालेल्या. टेस्टिंगच्या टेबलावर बसून लायनी तपासण्यात त्यांची नोकरी गेली. आमच्या कंपनीत कागद तपासायला माणूस हवं होतं म्हणून मी जाहिरात दिली होती, त्यात 'चिकट स्वभाव असावा' असं गमतीने लिहिलं होतं. बाई ते कात्रण घेऊन आल्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चिकट आहो मी. बाकी काय पायजे?"

मी त्यांना काम समजावलं. आमचं एक टूल आहे, एआय एजंटसाठी.

"एजंट? विम्याचा?"

"नाही, बाई. हा प्रोग्राम असतो. माणसाच्या ऐवजी कामं करतो. त्याला दुसऱ्या यंत्राकडून माहिती आणायची असते. तिथपर्यंत लाईन जोडलेली आहे का, हे आमचं टूल तपासून सांगतं."

बाईंचा चेहरा उजळला. "हे तं माझंच काम झालं. लाईन टेस्टिंग."

"तेच. आणि टूल कसं वापरायचं, त्याच्या निकालाचा अर्थ काय, हे सांगणारी बावीस पानं आहेत. एजंट आधी ती पानं वाचतो, मग टूल चालवतो. तुम्ही टूल नाही तपासायचं. पानं तपासायची."

"म्हंजे वाचनारा माणूस नाही?"

"नाही."

"मंग अडला तं फोन कोनाले करते?"

"कुणालाच नाही."

बाईंनी कात्रणाची घडी घातली. मग म्हणाल्या, "माणूस अडला का शिव्या देते. हा अडला का गोष्ट रचत असंन." एआयबद्दल मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. इतकं नेमकं एकातही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या. वयाने आमच्यापेक्षा खूप मोठ्या, म्हणून पोरं आधी 'काकू' म्हणायला लागली. पण लाल पेन्सिल आणि पट्टी पाहून आठवड्यात त्यांचं 'बाई' झालं, शाळेतल्यासारखं.

त्यांची पद्धत साधी होती, म्हणून भयंकर होती. प्रिंट काढायची. पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवायची. ओळीत लिहिलं असेल तेवढंच करायचं. एक बोट जास्त नाही. पट्टी खाली सरकवायची. तिसऱ्या पानावर आमच्या एका पोरीने लिहिलं होतं, 'नंतर बटण दाबा'. बाई हाताची घडी घालून बसल्या. अर्धा तास झाला. मी विचारलं, "बाई, काय झालं?"

"बटण दाबून राहिली."

"कोणतं?"

"तेच तं लिहिलं नाही. स्क्रीनवर चार आहेत. मी काहून निवडू? मी एजंट आहो."

एकदा बेसिनपाशी कुणीतरी पाटी लावली, 'जाताना नळ बंद करावा'. बाईंनी जाताना भिंतीतला मुख्य नळच बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला पाणी नाही. डायरेक्टर साहेब हात धुवायला गेले आणि साबण लावलेले हात घेऊन बाहेर आले. "हे कोणी केलं?"

"मी केलं जी," बाई म्हणाल्या. "कोनता नळ ते पाटीवर नव्हतं."

पाटी बदलली. बेसिनचा नळ, बाण काढून. ती पाटी अजून तिथे असेल.

'घंटी' कुठून आली ते त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. टेलिफोनवर आपण नंबर फिरवला की कानात ट्रिंग ट्रिंग ऐकू येतं. आपल्याला वाटतं, समोरच्याच्या घरात वाजतंय. तसं नसतं. तो कानातला आवाज एक्स्चेंज आपल्याला ऐकवतं. समोरच्याच्या घरापर्यंतची तार तुटलेली असली तरी आपल्या कानात रिंग जातेच. आपण म्हणतो, घरी कुणी नसेल. आणि तो बिचारा फोनशेजारी बसून असतो.

"नवीन होती मी," बाई म्हणाल्या. "एका नर्सबाईच्या घरचा फोन बंद म्हणून तक्रार आली. मी नंबर लावला. रिंग गेली. लिहून टाकलं, 'तपासली, ठीक'. तार तिच्या घरासमोर तुटली होती. तीन दिवस लोकं तिले फोन करून राहिले, रिंग ऐकून ठेवून राहिले."

"मग?"

"त्या तीन दिवसांत काय झालं ते विचारू नका, साहेब." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्यानंतर मी कधी रिंग ऐकून 'ठीक' लिहिलं नाही. लाइनमनले त्या घरी पाठवायची. तो तिथून बोलला, का इथं वाजली बाई, तरच."

हे सांगितल्यावर पान चौदाचं सांगणं भाग आहे.

पान चौदावर टूलच्या निकालांचा अर्थ होता. दोनच निकाल होते, 'ठीक' आणि 'बंद'. टूल पलीकडच्या यंत्राला हाक मारतं. उत्तर आलं तर 'ठीक', नाही आलं तर 'बंद'. बाईंनी तीन दिवस पट्टी त्या एका पानावर ठेवली. मग मला बोलावलं.

"साहेब, हाक मारली का उत्तर कोन देते?"

"पलीकडचं यंत्र."

"नेहमी?"

नेहमी नाही. कितीतरी ठिकाणी मध्ये एक खोकं असतं. पलीकडची पाच-पंचवीस यंत्रं त्या खोक्याला जोडलेली असतात आणि बाहेरच्या हाकेला खोकंच 'ओ' देतं. मागचं यंत्र मेलेलं असलं तरी खोकं 'ओ' देतं. टूलला ते ओळखता येत नव्हतं.

"म्हंजे एक्स्चेंजची रिंग," बाई म्हणाल्या. "घंटी कुठं वाजली ते या टूलले माहीत नाही. मंग 'ठीक' काहून म्हनते?"

"मग काय म्हणायचं?"

"तिसरं उत्तर ठेवा. 'माहीत नाही'."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर कंपनीच्या सिस्टिममध्ये तपासणीचा निकाल भरला. पान चौदा: नापास. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "ठीक हा शब्द खोटा आहे." खाली त्यांचं नाव आपोआप उमटलं.

डायरेक्टर साहेबांनी दोघांना केबिनमध्ये घेतलं. क्लायंटला पुढच्या सोमवारी टूल द्यायचं होतं. "बाई, 'माहीत नाही' म्हणणारं टूल कोण घेईल? लोक माहीत करून घ्यायलाच घेतात ना?"

"माहीत नाही हेबी उत्तर आहे जी. खरं उत्तर आहे."

"ते लोकांना भीती घालेल."

"घालू द्या. भीती वाटली का माणूस उठून पाहाले जाते. 'ठीक' वाचलं का पांघरूण घेते."

साहेब वैतागले. "तुम्ही पास करून टाका. पुढच्या व्हर्जनला बघू."

"मी नाही करत."

"नोकरी आहे ही, बाई."

"हो ना जी. तीच करून राहिली."

त्या उठल्या, दारापाशी थांबल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, तुमी तरी सांगा त्यांले." मी मान हलवली. त्या हलवलेल्या मानेचा अर्थ त्यांनी 'सांगतो' असा घेतला. मी सांगितलं नाही.

आता खरं सांगतो. डायरेक्टरचा दबाव होता, सोमवार होता, हे सगळं आहेच. पण पान चौदा मी लिहिलं होतं. ऑफिसात सगळ्यांत सोपं, सुटसुटीत पान म्हणून त्याचं कौतुक झालं होतं. दोन निकाल, दोन ओळी, मुलांच्या पुस्तकासारखं. त्यावर एक एक्स्चेंजमधून रिटायर झालेली बाई लाल पेन्सिलीने 'खोटा' लिहिते, हे मला लागलं होतं. इतकं साधं आणि इतकं हलकं कारण होतं ते.

शुक्रवारी बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी जाताना त्यांनी सिस्टिमचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मला दिला. "पान सतरा-अठराचे शेरे टाकायचे राहिले. तेवढे टाकून देजा. दुसरं काही करू नका."

मी सतरा-अठराचे शेरे टाकले. मग चौदावर गेलो. 'नापास'च्या जागी 'मान्य' केलं. कारणाचा रकाना पुसला. खाली त्यांचं नाव आपोआप उमटलं.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर पोरं कुणाच्या तरी वाढदिवसाची कचोरी खात होती. मला कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कुणाला काही वाटलं नसतं. माऊसचं एक बटण दाबत होतो. कोणतं ते मला नीट माहीत होतं.

शनिवारी मी चिकू घेऊन त्यांना बघायला गेलो. जुन्या नागपुरातल्या महाल भागात, एका शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या. काळा गॉगल लावून बाई खाटेवर बसल्या होत्या. शेजारी स्टुलावर पांढरा, वायरवाला फोन. मोबाईल होता त्यांच्याकडे, पण तो त्या बंद करून पर्समध्ये ठेवायच्या. "घरी आहो तं घरचा वाजतेच," म्हणायच्या.

"पान चौदाचं काय झालं?" पाणी द्यायच्या आधी विचारलं.

"बघू... बघून राहिलो," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडून नागपुरी निघते.

"सोमवारच्या आत पाहा. नाही तं मी येतो. एका डोळ्यानं येतो."

मी चिकू ठेवले आणि निघालो. गॉगलमुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते, याचं मला बरं वाटलं.

टूल सोमवारी गेलं. बाई परत आल्या तेव्हा मी सांगितलं, वरून निर्णय झाला. "मंग माझा नापास?" मी म्हणालो, तो तसाच आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सिस्टिम उघडून पाहिली नाही. बघा, आयुष्यभर कुणाच्या 'ठीक'वर विश्वास न ठेवणारी बाई. माझ्या 'ठीक'वर ठेवला.

चार महिने काही झालं नाही. मग भिवापूरहून फोन आला.

आमच्या क्लायंटचा धंदा लहान शीतखोल्यांवर नजर ठेवण्याचा. तशी एक खोली भिवापुरात होती. तिथल्या बायकांच्या एका गटाने तिच्यात मिरचीचं बी ठेवलं होतं. बाजारचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेलं, हाताने वेचलेलं, आपल्या भिवापुरी मिरचीचं जुनं बी. खोली पेरणीपर्यंत उघडायची नाही असा नियम, कारण उघडली की ओल शिरते. आतलं तापमान आणि दमटपणा मोजणारं यंत्र रोज सकाळी एजंट विचारायचा. विचारण्याआधी आमचं टूल चालवायचा, आमची पानं वाचायचा. 'ठीक' आलं की बायकांच्या मोबाईलवर हिरवी खूण.

आतल्या यंत्राची वायर उंदराने कुरतडली होती. मधलं खोकं मात्र जिवंत होतं. एजंटने हाक मारली, खोक्याने 'ओ' दिली, शेवटचा जुना आकडा पुढे केला. टूल म्हणालं, ठीक. एजंटने पान चौदा वाचलं: 'ठीक म्हणजे पलीकडचं यंत्र सुरू आहे.' त्याने गोष्टसुद्धा रचली नाही. ती मीच आयती रचून दिली होती. खोलीचं थंड करणारं मशीन बंद पडलं, आणि रोज हिरवी खूण येत राहिली.

गटाच्या अध्यक्ष स्पीकरवर होत्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "साहेब, खोली उघडली तं पोत्यांले बुरशी. हातात घेतलं का भुगा. रोज सकाळी हिरवं यायचं. मी बायकांले दाखवत होती, पाहा वं, ठीक हाय म्हनून. ते हिरवं कोनं पाठवलं?"

साहेबांनी 'पाहून सांगतो' म्हणून फोन ठेवला.

डायरेक्टर साहेबांनी मीटिंग बोलावली. भिंतीवर पान चौदाचा तपासणीचा निकाल मोठा करून लावला. 'मान्य'. खाली बाईंचं नाव.

बाई उठून भिंतीपाशी गेल्या. ऑपरेशननंतर त्यांना लांबचं स्वच्छ दिसायचं, तरी गेल्या. बोट ठेवून वाचलं.

"हे मी लिहिलं नाही."

"बाई, तुमच्याच लॉगिनमधून आहे," साहेब म्हणाले. आवाज मऊ केला होता. "त्या दिवसांत तुमच्या डोळ्यांचं चाललं होतं. होतं असं. कुणी तुम्हाला दोष देत नाही."

"दोष द्या जी. पन मी केला त्याचा द्या. हे मी लिहिलं नाही."

मग त्या वळल्या. खोलीत आठ-दहा जणं होती. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी, स्वच्छ.

"साहेब. घंटी कुठं वाजली?"

पासवर्डची चिठ्ठी त्यांनी कुणाला दिली होती, हे त्यांना आठवत होतं. मला उत्तर द्यायला त्यांनी जागा ठेवली होती. त्या थांबल्या.

मी म्हणालो, "माहीत नाही."

ज्या दोन शब्दांसाठी ती बाई भांडली, जे तिला त्या पानावर लिहून हवे होते, ते मी तिच्या तोंडावर वापरले. आणि खोटे वापरले. टूलला खरंच माहीत नव्हतं. मला होतं.

बाईंनी मान हलवली. जशी मी त्या दिवशी केबिनमध्ये हलवली होती, तशी. टेबलावरची पट्टी पर्समध्ये टाकली. साहेब म्हणाले, राजीनाम्याची काही गरज नाही, आपण सांभाळून घेऊ. बाईंनी कागद मागितला आणि उभ्यानेच एक ओळ लिहिली. तो राजीनामा नव्हता. "जे मी लिहिलं नाही त्याच्याखालून माझं नाव काढा."

"रेकॉर्ड बदलता येत नाही, बाई."

"काहून? बदललं तं आहे कोनंतरी."

पुढे अकरा दिवस त्या रोज आल्या. साडेदहाला. साहेबांनी त्यांचं लॉगिन बंद केलं होतं, टेबल दुसऱ्याला दिलं होतं. त्या दाराजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसायच्या. मांडीवर पान चौदाची प्रिंट, त्यावर पट्टी. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नाव काढलं का जातो." पोरांनी आधी चहा नेऊन दिला, मग नजर चुकवायला लागली. साहेब मागच्या जिन्याने यायला लागले. मी पुढूनच यायचो. रोज म्हणायच्या, "नमस्कार, साहेब." रोज मी म्हणायचो, "नमस्कार, बाई." त्यांनी एकदाही मला नावानिशी काही म्हटलं नाही. त्या वाट पाहत होत्या, आणि मला ते कळत होतं.

बाराव्या दिवशी त्या आल्या नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी त्या कुठे होत्या ते मला दीड वर्षाने कळलं. भिवापूरच्या गटाने कुणाकुणाकडून मूठ-मूठ बी जमवून पुन्हा सुरुवात केली होती आणि नुकसानीचा तो सगळा व्यवहार मिटवायला मला तिकडे जावं लागलं. अध्यक्षबाईंनी बसायला सतरंजी टाकली. म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या होत्या. पट्टीवाल्या. एसटीनं, एकट्या. म्हने, कागदावर माझं नाव आहे. लिहिलं मी नाही, पन तपासनारी मीच होती. म्हनून पाहाले आली."

"मग?"

"आमी लई बोललो त्याईले. रागात होतो ना. त्या ऐकून राहिल्या. मंग आमच्यासंगं बसून सडक्या बियांतून चांगलं निवडलं दिवसभर. दोन ओंजळी निघालं असंन. ते पेरलं, साहेब. त्यातलं उगवलं बी."

मी पाणी प्यायलो. निघालो. एसटीत बसलो आणि वाटेतल्या उमरेडच्या अलीकडेच काय करायचं ते ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी पान चौदा बदललं. तीन निकाल केले. 'पोचलं', 'नाही पोचलं', 'माहीत नाही'. आणि बाविसाव्या पानावर, जिथे काय बदललं याची नोंद असते, तिथे लिहिलं: "पान १४ वरचा 'ठीक' हा शब्द काढला. तपासणाऱ्या बाईंनी तो पहिल्याच वेळी नापास केला होता. तो निकाल त्यांच्या लॉगिनमधून मी बदलला. त्यांना ते माहीत नव्हतं." खाली माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग ते सगळ्या क्लायंटना पाठवून दिलं, आणि प्रत्येकाला फोन करून मिळालं का ते विचारलं.

साहेब लालबुंद होऊन आले. "हे काय आहे? डॉक्युमेंटेशन आहे की पोलीस स्टेशन? काढ ते."

"नाही काढत."

"तुला कळतंय का? मूर्खासारखं..."

"नोकरी आहे ही, सर. तीच करून राहिलो."

ती नोकरी त्याच आठवड्यात गेली. जाऊ दे. नोंद मात्र गेलेली होती, लोकांच्या मशीनवर उतरलेली होती, परत ओढता येत नव्हती. मागची पानं कुणी वाचत नाही असं म्हणतात. माणसं नाही वाचत. एजंट वाचतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, टूल चालवायच्या आधी, दर वेळी. माझा गुन्हा दिवसातून किती वेळा वाचला जातो मला माहीत नाही. वाचणारा काही म्हणत नाही. बरं आहे. मला माफी नको आहे. मला ते लिहिलेलं राहायला हवं आहे.

राहिलं होतं बाईंना सांगायचं.

मोबाईलचा नंबर बंद झाला होता. घरचा माझ्याकडे होता. मी लावला. रिंग गेली. कुणी उचललं नाही. चार दिवसांनी पुन्हा लावला, रिंग गेली. असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी रिंग संपली की छाती हलकी व्हायची. मी फोन केला होता ना. त्यांनीच उचलला नाही.

सहाव्या की सातव्या वेळी फोन कानाला होता, ट्रिंग ट्रिंग चाललं होतं, आणि मी एकदम तो कानावरून काढला. एवढं सगळं होऊनही मी अजून रिंग ऐकून 'ठीक' लिहीत होतो.

गाडी काढली आणि महालात गेलो. शिलाई मशीनच्या दुकानाशेजारचा जिना चढलो. दाराला कुलूप. उभ्या उभ्याच मोबाईलवरून नंबर लावला. माझ्या कानात रिंग जात होती. दाराच्या आत अजिबात आवाज नव्हता.

खाली दुकानामागे राहणारी बाई किल्ली घेऊन वर आली. "कोन पायजे?"

मी सांगितलं.

"त्या तं उन्हाळ्यातच वारल्या, भाऊ. झोपेतच. भाची येते कधीमधी सामान पाहाले." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहून म्हणाली, "फोन करून राहिले होते का?"

"हो. बरेच वेळा केला."

"इथं नाही वाजला," ती म्हणाली. "रस्ता खोदला तवाच तार तुटली. वर्ष झालं."

तिने दार उघडलं. खाट होती, स्टूल होतं, स्टुलावर पांढरा फोन होता. फोनला एक चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर लाल पेन्सिलीचं, ओळ पट्टी धरून लिहिलेली, सरळ:

"हा फोन बंद आहे. बाहेरून रिंग जाते, इथे वाजत नाही. काम असेल त्याने स्वतः यावे."

मी ती दोनदा वाचली. बाईंच्या लिखाणात मला सापडलेली ही एकच चूक. सूचना बिनचूक होती, जागा चुकली होती. इथवर येऊन पोचल्याशिवाय ती कुणाला वाचताच आली नसती.

"काढून टाकू का ते?" खालच्या बाईने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "राहू द्या."